दिवाळीनंतरची तारीख

आमच्या घराला मागच्या अंगाला एकच खिडकी. तिच्यावरून मी आणि कमळाकरभाऊजी कोर्टात गेलो हे पनवेलात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि एवढ्याशा खिडकीसाठी कोणी कोर्टाची पायरी चढतं का, असं सगळ्यांचंच मत होतं. मत देणाऱ्यांच्या घराला चांगल्या चार-चार खिडक्या होत्या.

कमळाकरभाऊजी माझे चुलत दीर. घर एकच, मधे भिंत. पुढचा भाग त्यांचा, मागचा माझा. हे गेल्यापासून मागच्या भागात मी एकटीच. मुलगी नाशिकला दिलेली, ती मे महिन्यात येते आणि आल्या दिवसापासून परत जायचं बोलते. माझ्या खोलीची खिडकी पूर्वेला, आणि तिच्याबाहेर गवताची एक मोकळी पट्टी. ती परक्याची होती तोवर कोणी तिच्याकडे बघत नव्हतं. भाऊजींनी ती विकत घेतली आणि तिथं भाताचं गोदाम बांधायला काढलं. गोदामाची भिंत माझ्या खिडकीला नाक लावून उभी राहणार होती.

"वहिनी, उजेडाचं काय एवढं? बटन दाबलं की उजेड," भाऊजी म्हणाले.

"आणि वारा?"

"पंखा घ्या."

"आणि कोणी माणूस दिसायचं झालं तर?"

"तिथून कुठं माणूस दिसतो? गवत दिसतं."

"मग गवत दिसू दे."

ते हसले. मीही हसले. दुसऱ्या दिवशी मी दाजी वकिलांकडे गेले. ते म्हणाले, खिडकीतून वीस वर्षांहून जास्त काळ उजेडवारा येत असेल तर कायद्यानं कोणाला ती बुजवता येत नाही. मात्र ती इतकी वर्षं आहे हे सिद्ध करायला पाहिजे. दावा लागला, आणि निकाल होईपर्यंत बांधकाम करू नये असा मनाई हुकूम भाऊजींना मिळाला. त्या संध्याकाळी ते माझ्याकडे विरजण मागायला आले. घर एकच असलं की भांडायलाही जागा अपुरी पडते.

ही गोष्ट छप्पन्न सालची. होळीनंतर आमच्या कोर्टात नवे जज आले. गदगकडचे, बायको वारलेली, बरोबर म्हातारी आई. भाड्याचं घर त्यांना मिळालं ते नेमकं त्या गवताच्या पट्टीपलीकडचं. परसाचं लहान फाटक पट्टीत उघडायचं. माझ्या खिडकीतून त्यांचं परस आणि परसातली म्हातारी दिसू लागली.

जजसाहेब फार कडक. कोणाकडे जायचं नाही, कोणाला बोलवायचं नाही, कोणाचा नारळसुद्धा घ्यायचा नाही. गावात जो भेटेल त्याचा आज ना उद्या दावा असायचा, म्हणून सगळंच गाव वर्ज्य. ते दिवसभर कोर्टात माणसांत असायचे. म्हातारी मात्र आपल्या अंगणात एकटी. तिला कानडीशिवाय काही येत नव्हतं. ती पायरीवर बसून शेंगा फोडायची आणि फोडून झाल्या की टरफलं पुन्हा चिवडत बसायची. मला ते फार ओळखीचं वाटलं. मीही निवडलेले तांदूळ पुन्हा निवडते.

एक दिवस ती फाटक उघडून गवतातून सरळ खिडकीशी आली आणि म्हणाली, "ऊटा आत?" मला वाटलं काही हवंय. मी पाणी दिलं. ती हसली आणि तिनं हात तोंडाशी नेऊन पुन्हा विचारलं. तेव्हा कळलं, जेवलीस का म्हणून विचारतेय. हे मला किती दिवसांत कोणी विचारलं नव्हतं! मी म्हटलं, "जेवले. तुम्ही?" पुढे आमचं बोलणं एवढंच असायचं, पण रोज असायचं. ती मला वेणम्मा म्हणायची. मी तिला अव्वा म्हणायचे, कारण जजसाहेब तशी हाक मारताना मी ऐकलं होतं.

मग वालाचं बिरडं केलं तेव्हा मी एक वाडगं तिला दिलं. खिडकीचा एक गज पूर्वीच निसटलेला, त्यातून वाडगं आरामात जाई. शेजारी रिकामं भांडं परत द्यायचं नसतं, हे कोणी शिकवावं लागत नाही, आणि ते गदगलाही तसंच असावं. वाडगं शेंगांच्या चटणीनं भरून परत आलं. आता ते मी रिकामं कसं ठेवू? त्यात खोबऱ्याच्या वड्या गेल्या. वड्यांवर लाडू आले. कोर्टात तारखेवर तारीख पडते तसं त्या वाडग्याचं झालं. ते थांबवायचं कोणी, हे दोघींपैकी एकीलाही माहीत नव्हतं.

ती जजची आई आहे हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण बिरडं देताना मला आईच दिसत होती, जज दिसत नव्हते.

दाजी वकिलांनी मात्र कान टोचले. "वेणूबाई, ज्या खिडकीचा दावा चाललाय तिच्यासमोरच साहेब राहतात. त्यांच्या ते अजून लक्षात आलेलं नाही. कागदावर नुसत्या चतुःसीमा आहेत. तुम्ही गप्प राहा. रोज दाढी करताना खिडकी दिसतेय तर दिसू दे बापडी."

माझी एकच साक्षीदार, आपटा गावची कोळीण गुणाबाई. मी लग्न होऊन आले त्याच्याही आधीपासून ती त्या पट्टीत टोपली उतरवून खिडकीतून आम्हाला सुकट-बोंबील देत आली होती. पुराव्याची तारीख आषाढात पडली आणि गुणाबाईला हिवतापानं धरलं. मी आपट्याला जाऊन आले. ती गोधडीत कुडकुडत म्हणाली, "बाय, मना आता खालचं वरचं दिसत नाय. बरी झाली का येन. तुजी खिरकी काय पलून जानार हाय?"

"खिडकी नाही पळत, गुणाबाई. तारीख पळते."

"मंग तारकेला सांग, गुणा आजारी हाय."

दाजींनी कोर्टाला साधारण तेच सांगितलं, फक्त इंग्रजीत. भाऊजींच्या वकिलांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं, आमचं बांधकाम अडलंय आणि वादी वेळ काढतेय. जजसाहेबांनी डॉक्टरची चिठ्ठी दोनदा वाचली आणि एक मुदत दिली. म्हणाले, हीच शेवटची.

घरी येताना भाऊजी माझ्याबरोबरच चालत होते, पण बोलले नाहीत. तेव्हाच मला काहीतरी शिजतंय असं वाटायला हवं होतं.

श्रावणात त्यांच्या वकिलांनी अर्ज दिला. वादी बाईचं जजसाहेबांच्या घरी खाण्याच्या पदार्थांचं जाणंयेणं आहे, ते प्रतिवादीनं स्वतःच्या जागेत घडताना पाहिलंय, सबब मुदत दिली गेली ती निःपक्षपातीपणे दिली गेली असं वाटत नाही, दावा दुसऱ्या कोर्टात जावा. अर्ज मोठ्यानं वाचला गेला. मागच्या बाकावर कोणीतरी खोकल्याआडून हसलं. दाजी माझ्या कानाशी आले. "नाही म्हणून सांगू. एकट्या कमळाकरनं पाहिलंय. सिद्ध काय करणार?"

मी नको म्हणून मान हलवली. नाही म्हणायचं म्हणजे ती रोज खिडकीशी येत नव्हती असं म्हणायचं.

जजसाहेबांनी अर्ज हातात घेऊन पुन्हा वाचला. मग त्यांनी विचारलं, "ही खिडकी म्हणजे ती, जिचा एक गज नाही?"

दाजींना हो म्हणावं लागलं.

साहेब त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत घरी गेले. परत आले तेव्हा चेहरा नेहमीसारखाच होता. खुर्चीवर बसून त्यांनी त्यांच्या त्या तोलून मापून बोलायच्या मराठीत सांगितलं, "मी घरी विचारलं. अर्जातली गोष्ट खरी आहे. पदार्थ माझ्या जेवणात आले होते. ते आई करते अशी माझी समजूत होती." मागच्या बाकांवरून पुन्हा हसू आलं, पण या वेळी ते लगेच विरलं. "आणि ती खिडकी मी रोज पाहतो. म्हणूनच ती आहे की नाही हे मी ठरवू शकत नाही. दावा अलिबागला जिल्हा कोर्टाकडे जावा असं मी लिहितो आहे."

भाऊजींचे वकील उठले. "मग वादीला दिलेली मुदतही रद्द व्हावी, साहेब."

"ज्यानं हे प्रकरण चालवू नये, त्यानं ती रद्दही करू नये. मुदत का दिली ते मी लिहिलेलं आहे. बरोबर की चूक हे अलिबाग ठरवेल."

त्या दिवसापासून परसाचं फाटक बंद झालं. अव्वा पायरीवरही दिसेना. मी खिडकीशी बसले तर समोर नुसतं अंगण, आणि दोरीवर वाळणारं तिचं एक हिरवं लुगडं. ते वाळलं की तेही आत जायचं.

मला वाटलं, दावा तर आता अलिबागला गेला, मग अडचण कसली? दोन दिवस धीर धरला आणि पुढच्या रस्त्यानं वळसा घालून त्यांच्या दाराशी गेले, रिकाम्या हातानं. जजसाहेबांनीच दार उघडलं. आत या म्हणाले नाहीत, आणि त्याचं त्यांना वाईट वाटत होतं हे दिसत होतं.

"निकाल लागेपर्यंत नाही, बाई. अलिबागचे साहेब माझ्या ओळखीचे आहेत. उद्या कोणी म्हणेल, मी शब्द टाकला."

"आणि निकाल लागल्यावर?"

"मग आपण शेजारी."

त्यांच्या मागे अंधारात अव्वा उभी होती. तिनं मान बाहेर काढून विचारलं, "ऊटा आत?" साहेबांनी त्याचं मराठी करून सांगितलं नाही. मला लागतही नव्हतं. मी फक्त मान हलवली आणि परत फिरले.

आतापर्यंत मी मुदत मागत होते. आता मला दाव्याची घाई झाली. अलिबागच्या साहेबांनी आमची मुदत योग्य धरली. गुणाबाई बरी होऊन आली आणि साक्षीच्या पिंजऱ्यात टोपली शेजारी ठेवूनच उभी राहिली. सन कोणता म्हणून विचारलं तर म्हणाली, "सन आमी काय खारवतो साएब? ती खिरकी होती, आनि तिच्यात सासूबाय होती. पावशेर घ्यायची नि वर दोन मागायची." साहेबांनी हसू दाबत ते लिहून घेतलं. माझा पुरावा संपला. भाऊजींचा तेवढा राहिला.

अलिबागला आम्ही दोघं एकाच एसटीनं जायचो. भाऊजी पुढे पळत जाऊन जागा धरायचे. "वहिनी, या, खिडकीशी बसा," म्हणायचे आणि मग स्वतःच ओशाळायचे.

भाद्रपद संपता संपता गावात कळलं की नोव्हेंबरपासून कानडी मुलूख म्हैसूर राज्यात जाणार, आणि आपले जजसाहेब तिकडच्या नोकरीत परत जाणार. दाजींनी मला हे सहज सांगितलं. मी त्यांना विचारलं, "निकाल त्याच्या आत लागेल का हो?"

"पुढच्या तारखेला कमळाकरची साक्ष झाली की संपलंच. आठवड्यात निकाल. का?"

"काही नाही," मी म्हटलं. मनात मात्र हिशेब मांडला. दसऱ्यानंतर निकाल, आणि तिथून अव्वा जाईपर्यंतचे दिवस. फार नव्हते, पण मला पुरले असते. बिरड्याला वाल भिजत घालायचे कधी, हेही ठरवलं.

त्या तारखेच्या चार दिवस आधी भाऊजी माळ्यावरून जुनी पोती काढताना शिडीवरून पडले. नडगी मोडली. डॉक्टरनं प्लॅस्टर घातलं आणि हलायचं नाही म्हणून सांगितलं. त्यांची बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, म्हणून दोन वेळची पेज मीच नेऊन देत होते. ते कण्हत म्हणायचे, "वहिनी, तुमचीच दृष्ट लागली."

"माझी दृष्ट गवतापलीकडे जात नाही, भाऊजी. तुम्हीच म्हणाला होतात."

तारखेला अलिबागला मी एकटीच गेले. भाऊजींच्या वकिलांनी मुदतीचा अर्ज दिला. बरोबरच्या सर्टिफिकेटवर डॉक्टर तारीख टाकायला विसरला होता. दाजींचे डोळे चमकले. कोर्टाच्या व्हरांड्यात मला म्हणाले, "बिनतारखेचा कागद आहे. आज जोरात विरोध करतो. साहेब मुदत नाकारतील, त्यांचा पुरावा आजच बंद, आणि आठवड्यात खिडकी तुमची."

दाजींनी विरोध केला, जोरातच केला. बिनतारखेच्या कागदावर विश्वास कसा ठेवायचा, वेळकाढूपणा कोण करतंय, सगळं बोलले. अलिबागचे साहेब वयस्क होते, डोळ्यांवर जाड चष्मा. त्यांनी कागद उलटा करून पाहिला. त्यांनाही तो आवडला नसावा. मग त्यांची नजर माझ्याकडे वळली.

"बाई, तुम्ही आणि प्रतिवादी एकाच घरात राहता ना?"

"हो."

"मग तुम्हाला माहीत असेल. पाय खरंच मोडला आहे?"

दाजींनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी काही न बोलता उभी राहिले असते तरी चाललं असतं. बाईमाणूस घाबरली असं साहेबांना वाटलं असतं, आणि त्यांनी कागदावरून ठरवलं असतं. मला हिरवं लुगडं दिसत होतं आणि फाटक दिसत होतं. आठवड्यात ते उघडलं असतं.

पण मला भाऊजींचा पायही दिसत होता, उशीवर ठेवलेला, चुन्यासारखा पांढरा. सकाळी निघताना मीच तो नीट केला होता.

"मोडलाय," मी म्हटलं. "उभं राहता येत नाही. सकाळची पेज मीच देऊन आले."

दाजींनी फाईल मिटली.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "वादीच्या साक्षीदाराला ताप होता तेव्हा वादीला मुदत मिळाली. प्रतिवादीचा पाय मोडला तर त्यालाही मिळेल. शेवटची. दिवाळीनंतर." शिरस्तेदारानं तारीख सांगितली. ती नोव्हेंबरातली होती.

त्या न्यायात खोट काढायला मला जागा नव्हती. बाहेर येऊन दाजी म्हणाले, "वेणूबाई, तुम्हाला जिंकायचं आहे की नाही?" मला हवं होतं ते त्यांच्या दाव्याच्या कागदात कुठंच लिहिलेलं नव्हतं. परतीच्या एसटीत शेजारची जागा रिकामी होती. धरमतरच्या खाडीपाशी एक बाई चढली. तिनं विचारलं, इथं कोणी आहे का? मी म्हटलं, नाही, बसा.

संध्याकाळी पेज घेऊन गेले तर भाऊजींना बातमी आधीच पोचलेली.

"तुम्ही सांगितलंत, पाय मोडलाय म्हणून?"

"मग काय सांगू? नाचताय म्हणून?"

"दाजीनं अडवलं नाही?"

"साहेबांनी मला विचारलं. दाजींना नाही."

ते बराच वेळ वाडग्यात चमचा फिरवत राहिले. मग म्हणाले, "आज पेज अळणी झालीय." मी मीठ आणून दिलं.

निकाल पुढे रखडत रखडत माघात लागला. खिडकी राहिली. अपिलाची मुदत होती, पण भाऊजींनी अपील केलं नाही. 

पण त्याआधी ऑक्टोबरचा शेवटचा दिवस आला. गावात आकाशकंदील लागत होते. समोरच्या अंगणात ट्रंका बांधलेल्या दिसत होत्या. दिवसभर माणसं सामान हलवत होती आणि अव्वा त्यांच्यात कुठंच नव्हती. उद्या पहाटेच्या गाडीनं ती पुण्याला आणि तिथून पुढे जाणार. मी चकल्यांची भाजणी चाळत बसले. काहीतरी करायला पाहिजेच होतं.

कोर्ट सुटायच्या वेळेला पुढच्या दारी आवाज आला. मधल्या भिंतीतून सगळं ऐकू येतं.

"येऊ का? आज दुपारी मी चार्ज दिला. आता मी इथला कोणी नाही." जजसाहेबांचा आवाज. "माझ्या आईला त्या खिडकीशी जायचं आहे. वाट आपल्या जागेतून आहे. आपली हरकत नसेल तर."

भाऊजी पाय वर ठेवून बसले असणार. खुर्ची करकरली. "माझी कसली हरकत, साहेब?" मग थोडं थांबून, "लेखी देऊ का?"

"तोंडी पुरे," साहेब म्हणाले.

फाटकाची कडी निघाली. गवत गुडघ्यापर्यंत वाढलं होतं, कोणी त्यातून चाललं नव्हतं इतके दिवस. अव्वा लुगडं सावरत, एकेक पाऊल चाचपत आली. मी खुणेनं सांगत होते, वळसा घालून दारातून आत ये. तिनं मान हलवली. तिला इथंच उभं राहायचं होतं. निसटलेल्या गजाच्या जागेतून तिनं हात आत घातला आणि माझं मनगट धरलं. हात कोरडा आणि हलका होता. माझ्या हाताला भाजणी लागलेली, ती तिलाही लागली.

तिनं जेवणाचं विचारलं नाही. ती बोलायला लागली आणि बोलतच राहिली, सगळं कानडीत. मधेच हसायची, मधेच घराकडे बोट करायची. मी मराठीत बोलले. मुलीचं सांगितलं, ह्यांचं सांगितलं, अलिबागला काय झालं तेही सांगितलं, जे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. एक वाक्य ती दोनदा बोलली, दुसऱ्यांदा हळू, मला कळावं म्हणून. जजसाहेब फाटकाशी आमच्याकडे पाठ करून उभे होते. हाक मारली असती तर त्यांनी अर्थ सांगितला असता.

मी हाक मारली नाही. उजेड उतरत होता, आणि अव्वा अजून बोलत होती.